तंबाखूच्या पुडीवरचा माणूस

कराडच्या एका निवृत्त शिक्षकांकडे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या चित्रांचा संग्रह आहे. गेल्या वर्षी मी रविवारच्या पुरवणीसाठी त्यावर लेख लिहिला. चित्रांत लंडनच्या नट्या होत्या, सेनापती होते. प्रत्येकाच्या खाली नाव छापलेलं. तुर्क, आफ्रिकी, हिंदुस्थानी यांच्याखाली मात्र तेवढाच एक शब्द. लेखाचा मुद्दा तोच होता. आपल्याकडचं उदाहरण हवं म्हणून मी सांगली भागात पूर्वी विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या पुडीवरचं चित्र जोडलं. लाल पटका, झुपकेदार मिशी, खांद्यावर घोंगडं. खाली ओळ दिली : ‘धनगर, चित्रकाराच्या कल्पनेतला.’

मंगळवारी जतकडच्या एका गावातून फोन आला. बाई साठीच्या पुढच्या असाव्यात.

“आवं सायेब, कल्पनेतला कसा? त्यो माझा बा हाय.”

मी गेलो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मेंढ्यांच्या बाजारात एका चित्रकाराने वडिलांना समोर बसवून चित्र काढलं आणि बदल्यात तंबाखू दिली. वडिलांचा दुसरा फोटो नाही. पुडीवरचं चित्र मोठं करून त्यांनी भाच्याच्या नव्या घरात लावलं होतं. लेख आल्यावर भाच्याने ते उतरवून आत्याकडे आणून दिलं. तसबीर भिंतीला टेकवलेली होती, काचेवर कुंकू तसंच होतं.

भाचाही तिथेच होता. “पेपरात आलंय, सायेब. जाहिरातीला हार घालत हुतो आमी. आन् आज्याला मिशी न्हवती, असं हीच सांगती.”

“मिशी चितारणाऱ्यानं लावली. कान बघ की रं मुडद्या! बाभळीत बाळी अडकून पाळी फाटल्याली.”

मी वाकून पाहिलं. डाव्या कानाची पाळी दुभंगलेली होती. छपाईसाठी हेच चित्र मी चार वेळा तपासलं होतं.

“नाव छापा,” बाई म्हणाल्या. “मग त्यो भिताडावर परत जाईल.”

नाव छापायला पुरावा लागतो, असं संपादकांनी सांगितलं. नियम बरोबर होता. ‘कल्पनेतला’ लिहिताना माझ्याकडे पुरावा कुणी मागितला नव्हता, मीही शोधला नव्हता. पुडीचा कारखाना बंद झालेला, चित्रकाराचा पत्ता लागला नाही. पुढच्या रविवारी छापायच्या खुलाशात फाटलेल्या कानाबद्दल मी लिहिलेलं वाक्य जागेअभावी गाळलं गेलं. उरलं ते असं : ‘हे चित्र आपल्या वडिलांचे असल्याचा दावा एका महिलेने केला आहे.’

मी फोनवर बाईंना ते वाचून दाखवलं.

“लंडनच्या बायांची नावं छापलीसा. त्यांच्या घरला गेलता इचारायला?”

“ती चित्रांवरच होती.”

“मग माझ्या बाच्या खाली का न्हवतं?”

याचं उत्तर माझ्या लेखात होतं, पण मी ते त्यांना सांगितलं नाही. अंक पाठवू नका, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. तो आभार मानत होता.

“तुमी बी दावाच म्हटलंय. लय बरं झालं. आता आत्या गप बसंल.”