दुसऱ्या प्रश्नाला बऱ्या होणाऱ्या मामी

चेन्नईत गिंडीजवळच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्राच्या मुलांना रुग्णाशी बोलायला शिकवतो. खरा रुग्ण लगेच त्यांच्या हाती देता येत नाही, म्हणून आमच्या शेजारच्या मामी खोट्या रुग्ण होऊन येतात. घराणं तंजावरचं, त्यामुळे मराठीला तमिळ हेल, आणि समोरचा कुणीही असो, तो त्यांचा 'कण्णा', म्हणजे बाळ.

नैराश्याचं सोंग त्या झकास वठवतात. मान खाली, आवाज विहिरीतून आल्यासारखा. पण समोरचा मुलगा गडबडला की त्यांना राहवत नाही. त्यानं अडखळत "झोप लागते का?" विचारलं, की मामी खुलल्याच.

"अय्यो कण्णा, कालपासून छान लागते! तू विचारलंस ना, बरं वाटलं बघ."

वर पिशवीतला मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, त्याच्या हातावर. दुसऱ्या प्रश्नाला रुग्ण ठणठणीत!

"मामी, इतक्यात बरं व्हायचं नाही हो," मी कितीदा विनवलं. "मुलं शिकणार कशी?"

"सरी, सरी," म्हणत मान डोलवायच्या आणि पुढच्या मुलाकडे आणखी लवकर बऱ्या व्हायच्या.

शेवटी वैतागून वर्गासमोर मामींना प्रश्न विचारायला मीच बसलो. आवाज शांत, प्रश्न अगदी पुस्तकाबरहुकूम. मामी काही बऱ्या होईनात. उलट खचतच चालल्या. तास संपत आला, मुलं माझ्याकडे टक लावून बसलेली. मला घाम फुटला.

"मामी... झोप... झोप तरी लागते का हो?"

मामींनी झटकन मान वर केली.

"आता लागेल कण्णा," म्हणाल्या, आणि पिशवीत हात घातला.