वाकड्या शिंगाचा नर

सुप्रभा सबनीस आठवडाभर एडिनबराच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते आणि सुट्टीच्या दिवशी हरणं मारते. महाराष्ट्र मंडळात नव्याने आलेल्या कुणाला हे सांगितलं, की माणूस आधी हसतो, मग तिच्या पाच फुटी, चष्मेवाल्या, कार्डिगनमधल्या मूर्तीकडे बघतो आणि म्हणतो, "नाही, खरंच?" तिचा नवरा उदय तेव्हा पुढे होऊन सांगतो, "खरंच. मी घरात वाद घालत नाही, त्याचं कारण तेच."

सुरुवात एका अपघातातून झाली. दोघं जवळच्या पीबल्स गावाहून परत येत होते. वळणावर एक हरीण झुडपातून उडी मारून थेट गाडीवर आदळलं. त्याचे मागचे पाय मोडले होते आणि पुढच्या पायांवर ते उठायची धडपड करत होतं. उदय फोन लावत गाडीपाशी थांबला. सुप्रभा मात्र हरणाच्या मानेवर हात ठेवून ओल्या गवतात बसून राहिली. थोड्या वेळाने एक पिकअप येऊन थांबली आणि साठीची एक उंच, हाडकुळी बाई उतरली. तिचं नाव मोइरा. वरच्या डोंगरावरच्या जंगलाची आणि तिथल्या हरणांची राखण तिच्याकडे होती. तिने एका नजरेत सगळं ओळखलं, रायफल काढली आणि म्हणाली, "हात काढ. माझ्या मागे ये."

एकच आवाज झाला. सुप्रभाने डोळे मिटले नाहीत.

"बघवलं तुला?" मोइराने विचारलं.

"मला हे करता यायला हवं होतं," सुप्रभा म्हणाली.

तिच्या बोलण्यात मोइराने काय ऐकलं कुणास ठाऊक, पण तिने सुप्रभाला पुढच्या रविवारी बोलावलं. त्यानंतर सुप्रभा जात राहिली. पहिली दोन वर्षं तिने हातात नुसती दुर्बीण घेतली. मोइराच्या मागून चालायचं, वारा कुठून येतो ते बघायचं, सावज दिसलं की दगडासारखं थांबायचं. या देशात लांडगे कधीचेच संपले. हरणं वाढली की जंगलात लावलेली रोपं कोवळी असतानाच खाऊन टाकतात, म्हणून कुणीतरी त्यांची संख्या आटोक्यात ठेवावी लागते, हे ती मोइराकडून शिकली. पुढे रायफलीचा परवाना मागितला तेव्हा पोलीस घरी आला. त्याने उदयला एकट्याला गाठून विचारलं, "तुमच्या मिसेस रागीट आहेत का?" उदय म्हणाला, "भांडी घासताना थोड्या." परवाना मिळाला.

पहिला नर पडला त्या दिवशी मोइराने तिच्या पाठीवर थाप मारली होती. मोइरा कौतुकात कंजूष. ती एक थाप सुप्रभाला वर्षभर पुरली. घरी तिने त्या मांसाचा काळ्या मसाल्यातला रस्सा केला आणि मंडळाच्या पाडव्याला नेला. तेव्हापासून पाडवा म्हणजे सुप्रभाच्या हरणाचा रस्सा, असं समीकरणच झालं.

अशाच एका पाडव्याला मालविका तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिशीची, पुण्याची, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारी, व्हिसावर नुकतीच आलेली. वाटी पुसून खाल्ल्यावर म्हणाली, "ताई, हे तुम्ही स्वतः मारलंत? ओ माय गॉड. मला न्याल एकदा? प्लीज?"

सुप्रभाला बरं वाटलं. इतक्या वर्षांत "मला ने" असं कुणी म्हटलं नव्हतं. तिने मालविकाला स्वतःच्या गाडीतून नेलं, स्वतःचे जुने बूट दिले, मोइराला म्हणाली, "माझी मैत्रीण आहे. काळजी मी घेईन."

काळजी घ्यावीच लागली नाही. मालविका शाळेपासून एनसीसीत होती, तिचा नेम मुळातच चांगला. चालताना तिच्या पायाखाली काटकी मोडायची नाही. सुप्रभाला जे शिकायला दोन वर्षं लागली, ते ही पोरगी हसतखेळत उचलत होती. आणि मोइरा, जिच्या तोंडून वाक्य काढायचं म्हणजे विहिरीतून पाणी शेंदायचं, ती मालविकाबरोबर मोठ्याने हसायला लागली.

सुप्रभाने स्वतःला समजावलं. तरुण आहे, हुशार आहे, चांगलंच आहे की. पण एका शनिवारी ती मोइराच्या स्वयंपाकघरात गेली, तर मोइराने कपाटातून एक निळा मग काढला आणि म्हणाली, "हा नको, हा मालविकाचा." सुप्रभाला दुसरा दिला. आठ वर्षं ती या घरात चहा पीत होती, हाताला येईल त्या मगातून. आपला मग असावा असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आता घरी येईपर्यंत दुसरं काही मनात येईना.

"एका मगावरून?" उदयने विचारलं.

"मगाचं नाही रे."

"मग कशाचं?"

ते तिला सांगता येईना. हॉस्पिटलात तिच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी मुली पुढे गेल्या होत्या आणि तिने त्यांना मनापासून पेढे दिले होते. इथे मात्र मालविकाचं कौतुक तिला ऐकवत नव्हतं. पुढच्या पाडव्याला, तोवर परवानाही मिळालेल्या मालविकाने हरणाचं सुकं करून आणलं. लोक "वा" म्हणाले. सुप्रभाने एक घास घेतला, मीठ कमी आहे असं मनात म्हटलं, आणि मीठ अगदी बरोबर आहे हे कळून तिचा आणखीच तिळपापड झाला.

त्या जंगलात एक म्हातारा नर होता. त्याचं डावं शिंग कानावर वाकलेलं. नव्याने लावलेल्या रोपांच्या साली खरवडून त्याने एक अख्खा उतार उजाड केला होता. दोन वसंत सुप्रभा त्याच्या मागावर होती. "तो तुझा," असं मोइराने आदल्या वर्षी म्हटलं होतं. पण यंदा मोइराचा गुडघा पार गेला, ऑपरेशन ठरलं, आणि त्यात एप्रिलभर हवा बिघडलेली. आठवड्यामागून आठवडा धुकं, पाऊस, पुन्हा धुकं. शेवटी एका शनिवारी मोइरा दोघींना म्हणाली, "मी दवाखान्यात जाण्याआधी तो गेला पाहिजे. तुमच्यापैकी जिला आधी दिसेल तिने मारावा."

जिला आधी दिसेल तिने! सुप्रभाने बुटाची नाडी इतकी आवळली की पाय दुखायला लागला.

त्या दिवशी ईशान्येचा वारा होता आणि पावसात बर्फ मिसळलेला. मोइरा कुत्रीला घेऊन खाली पिकअपमध्ये बसली. ब्रॅकन नावाची तिची काळी लॅब्रडॉर जखमी जनावराचा माग काढण्यात तरबेज होती. उताराच्या वरच्या टोकाच्या मचाणावर मालविका आणि खालच्या टोकाला सुप्रभा. दोघींची मारायची हद्द आखून दिलेली.

मचाण म्हणजे झाडाला टेकवलेली शिडी आणि वर एक फळी. सुप्रभा त्यावर बसली आणि बर्फाळ पाणी कॉलरमधून पाठीत उतरायला लागलं. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. रायफलीवरची दुर्बीण पुसावी तर पुसेपर्यंत पुन्हा धूसर. अशा हवेत हरीण बाहेर यायचंच नाही, असं तिला वाटायला लागलं, आणि तेवढ्यात तो आला.

स्प्रूसच्या झाडांच्या रांगेतून तो निवांत बाहेर पडला. वाकडं शिंग स्पष्ट दिसलं. पण तो लांब होता, अंग तिरकं होतं, आणि वारा झोताझोताने येत होता. अशा वेळी काय करायचं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं: थांबायचं. पूर्ण बाजू समोर येईल असा वळू द्यायचा, जवळ येऊ द्यायचा, नाहीतर जाऊ द्यायचा.

तो जात होता वरच्या बाजूला, मालविकाच्या मचाणाकडे.

सुप्रभाला पुढचं सगळं दिसलं. मालविकाची एकच गोळी. मोइराचं मोठ्याने हसणं. मंडळात, "अगं, मालविकाने तो म्हातारा नर मारला, ऐकलंस का?" तिने श्वास धरला आणि चाप ओढला.

आवाज पोकळ आला, ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा. नराने पाठीची कमान केली आणि तो खालच्या झाडीत शिरला. गोळी छातीत लागली की आवाज वेगळा येतो. ही पोटात लागली होती.

वॉकीटॉकी खरखरली. "ताई! तुमचाच शॉट ना? तोच होता का? लागला?"

"लागला," सुप्रभा म्हणाली.

"वा! काँग्रॅट्स ताई! क्लीन?"

"हो. चांगला लागलाय."

हे आपण बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. नियम असा, की पोटात लागलेल्या जनावरामागे लगेच जायचं नाही, नाहीतर ते आणखी लांब पळतं. कुत्रीला बोलवायचं आणि वाट बघायची. सुप्रभा मचाणावरून उतरली आणि एकटीच शोधायला निघाली. मोइराला कळायच्या आत तो सापडला तर बरं, एवढंच डोक्यात. रक्ताचे थेंब तिला दिसले, आणि बघता बघता पडणाऱ्या बर्फाने ते पुसून टाकले. ती गुडघ्यांवर बसून हाताने बर्फ बाजूला करत राहिली.

मालविका वरून येऊन तिच्या मागे कधी उभी राहिली ते तिला कळलं नाही. मालविकाने वाकून गवताचं एक पातं उचललं. त्यावर रक्तात मिसळलेला हिरवट चिकटा होता. चेहऱ्यावरून दिसत होतं, तिला समजलं.

"ताई, मोइराला सांगूया. ब्रॅकन लागेल."

"नको. मी शोधते."

"ताई, बर्फ पडतोय. असा नाही सापडणार."

"मग जा ना, सांग तिला!" सुप्रभा उठून उभी राहिली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पळत जा! तुला हेच पाहिजे होतं. माझे बूट घालून आलीस माझ्या मागून, आणि आता सगळं तुझं. जा, सांग, सुप्रभाने घाण केली म्हणून!"

मालविकाचा चेहरा पांढरा पडला. क्षणभर वाटलं, ती रडेल किंवा उलट बोलेल. पण ती खालच्या झाडीकडे बघत म्हणाली, "ताई, तो अजून जिवंत आहे. आपण नंतर भांडू."

सुप्रभाने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. बटण दाबायला बोट वळेना, म्हणून अंगठ्याने दाबलं. "मोइरा, सुप्रभा बोलतेय. नर पोटात लागलाय. तिरका होता, वारा होता, तरी मारला. चूक माझी आहे. ब्रॅकन हवी."

मोइराचं उत्तर आलं, "तिथेच थांबा. येते."

तिने कुत्रीला वर सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पण मोइरा स्वतः आली, त्या गुडघ्याने, त्या उतारावर, काठीवर भार टाकत. सुप्रभाकडे तिने पाहिलंही नाही. लांब दोरीला बांधलेल्या ब्रॅकनने नाक जमिनीला लावलं आणि त्या तिघींना झाडीतून, काट्यांतून, खाली ओढ्याकडे नेलं.

तो लव्हाळ्यात बसला होता. मान वर होती. डोळे त्यांच्याकडे लागलेले, पण पळायची ताकद संपलेली. सुप्रभाने रायफल खांद्याला लावली. तिचे हात थडथड उडत होते, टोक नराच्या अंगावरून इकडून तिकडे फिरत होतं. तिने श्वास सोडला, पुन्हा धरला. टोक थांबेना.

ठरवायचं तिनेच होतं.

सुप्रभाने रायफल खाली केली, गोळी काढली आणि म्हणाली, "मालविका, तू मार."

"ताई..."

"लवकर, बाई. त्याला दुखतंय."

मालविकाने एकाच गोळीत संपवलं. नराची मान हळूच लव्हाळ्यावर टेकली. आणि त्या क्षणीसुद्धा, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, सुप्रभाच्या मनात येऊन गेलं, की किती सफाईने मारला हिने. तेवढंही तिला सोसवलं नाही. आपल्या आत हे इतकं खोल गेलंय, याची तिला भीती वाटली.

पोट फाडल्यावर दुर्गंध सुटला. बरंचसं मांस वाया गेलं होतं. ते साफ करायचं काम सुप्रभाने कुणाला करू दिलं नाही. ओढ्याच्या गार पाण्यात ती कोपरापर्यंत हात घालून बसली होती, तेव्हा मोइरा तिच्याशेजारी येऊन दगडावर टेकली.

"या वसंतात आता रायफल नाही," मोइरा म्हणाली. "चालायला ये. कुत्रीबरोबर चाल. मी परत येईपर्यंत तिला तू सांभाळ."

"बरं."

"का मारलास?"

सुप्रभाने हात धुणं थांबवलं नाही. "तो तिच्याकडे चालला होता."

मोइराने काठी मांडीवर आडवी घेतली. "माझी बहीण माझ्यापेक्षा चांगली मारायची," ती म्हणाली. "ती न्यूझीलंडला गेली तेव्हा मी पार्टी दिली." एवढंच बोलून ती काठी टेकत उठली.

ब्रॅकन दोन महिने एडिनबरात राहिली आणि उदयच्या सोफ्यावर झोपली. मोइराचं ऑपरेशन नीट झालं, पण डोंगर चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मालविका फोन करायची, सुप्रभा कधी उचलायची, कधी नाही. एकदा तिने स्वतःहून केला. "त्या दिवशी मी तुला फार वाईट बोलले," ती म्हणाली. मालविका म्हणाली, "बोललात खरं. मला लागलं ते, ताई." ती उगाच "जाऊ दे हो" म्हणाली नाही, हे सुप्रभाला आवडलं.

शरद ऋतूत दोघी पुन्हा डोंगरावर गेल्या. मोइरा खाली थर्मास घेऊन बसलेली. उघड्या माळावर एक मादी दिसली, आणि पाळी मालविकाची होती. लख्ख ऊन, वारा पडलेला, हरीण आडवं उभं. मालविकाने मारलं आणि गोळी पार लांब मातीत गेली. हरणाने मान वळवली आणि टणाटण उड्या मारत ते पलीकडे गेलं. एक केसही हलला नव्हता त्याचा.

मालविका रायफलीकडे बघत राहिली. सुप्रभाला आधी वाटलं, काहीतरी धीराचं बोलावं. मग तिने ठरवलं, नको.

"मालविका, खरं सांगू? तुझा नेम चुकला ना, मला इतकं बरं वाटलं."

"माहितीय," मालविका म्हणाली. "हसलात तुम्ही. आवाज आला मला."

"आला?"

"मोइरालाही आला असेल खाली."

सुप्रभाला पुन्हा हसू आलं, आणि या वेळी मालविकालाही. मग त्या दोघी गोळी खरोखर जनावराला चाटून गेली नाही ना, याची खात्री करायला माळ उतरून पलीकडे गेल्या.