गोविंद मास्तरांचं पिवळं फूल

शिक्षक एकत्र बसले की मुलांचे किस्से निघतात, असा लोकांचा समज आहे. आमच्या येरमाळ्याच्या शाळेत मास्तरांचेच किस्से इतके साठले की मुलांची पाळी यायचीच नाही. त्यातही एका पावसाळ्यातले सगळे एकट्या गोविंद मास्तरांचे.

नवं राज्य झालं, नवा अभ्यासक्रम आला. गोविंद मास्तर विज्ञानाचे, आणि टेंपररी. डिप्टीसाहेब तपासणीला येणार, मुलांनी जमवलेली रानफुलं नावानिशी मांडलेली बघणार, आणि मगच मास्तरांना कायम करायचं की नाही ते ठरणार. त्यात माकणीचं एक स्थळ आलेलं. मुलीच्या वडिलांचा निरोप होता, "बघून जावा, पण कायम झाल्याबिगर सुपारी फुटायची न्हाय."

बाकी फुलांना नावं मिळाली. डोंगरातल्या झाडीत, सावलीला उगवणारं एक पिवळं फूल तेवढं राहिलं. मास्तरांची झोप उडाली.

*

आधी त्यांनी हेडमास्तरांना गाठलं. हेडमास्तर निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. त्यांनी फूल चष्म्याजवळ धरलं, मग लांब धरलं.

"सूर्यफुलाच्या खानदानातलं दिसतंय."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "आणि नाव?"

"खानदान सांगितलं, आता नावही मीच सांगू? विज्ञानाचा पगार कोण घेतं?"

*

फूल ताजं राहावं म्हणून मास्तरांनी ते स्टाफरूममध्ये पेल्यात ठेवलं. दुपारी पेला रिकामा!

"सरस्वतीला वाहिलं की," शिपाई रामभाऊ म्हणाले. "पाण्यात ठिवलेलं, म्हनलं पूजेचंच आसंल."

देवाला वाहिलेलं परत कसं घ्यायचं? बिचारे भर पावसात पुन्हा डोंगर चढले. आम्ही हसलो खरे, पण ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून चहा आम्हीच सांगितला.

*

दुसरं फूल त्यांनी वहीत दाबून वर घरमालकिणीचा पाटा ठेवला. उघडून बघतात तर फूल तपकिरी, आणि लेबलावर 'पिवळं फूल' लिहून तयार.

"रंग मी देतो," ड्रॉइंग मास्तर म्हणाले आणि खरोखर ब्रश घेऊन बसले. "आणि नाव ठोकून द्या काहीतरी. डिप्टी काय डोंगरात राहतो?"

मास्तर पांढरेफटक पडले. "आणि राहत असला तर?"

*

तपासणी सोमवारी. आदल्या दिवशी मास्तर माकणीला मुलगी बघायला गेले, सोबत मी. बसमध्ये तिसरं फूल ओल्या रुमालात, आणि मास्तर दर थांब्याला रुमाल उघडून बघायचे.

पोहे झाले. मुलगी पाटावर येऊन बसली. सातवी पास होती.

"काय इचारायचं ते इचारा," वडील म्हणाले.

लोक नाव विचारतात, स्वयंपाक विचारतात. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, फूल तिच्यापुढं धरलं आणि विचारलं, "हे कोणतं?"

मुलीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीनं फूल हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं, मग मान वर केली.

"मला येतंय का बघायलात, का तुमालाच ठाऊक न्हाय?"

मास्तरांनी घाम पुसला. इतक्या दिवसांत जे कुणापुढंच स्वतःच्या तोंडानं कबूल केलं नव्हतं ते बोलून गेले. "मलाच ठाऊक नाही. आणि उद्या डिप्टी येणार आहेत."

"मला बी न्हाय," ती म्हणाली. फूल परत रुमालात ठेवलं आणि वडिलांकडं वळली.

"अण्णा, सुपारी फोडा. ह्यांच्या कायम व्हायची वाट नका बघू."