चतुराबाईची अमावस्या

पडदा वर जातो तो जालना रोडवरच्या एका खासगी दवाखान्याच्या जिन्यावर. वर आयसीयू, खाली इमर्जन्सी, आणि मधल्या पायऱ्यांवरून थर्मास घेऊन उतरणारी चतुराबाई. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचं तेज.

जिंकलीच होती ती. छातीत कळ येऊन पडलेला तिचा नवरा बद्रीनाथ आता उठून चहा मागत होता. पडेगावाहून त्याला इथं आणलं ते शेजारच्या गयासनं, स्वतःच्या रिक्षातून. वाटेत बद्रीनाथचे डोळे फिरायला लागले, तसा गयास म्हणाला होता, "दादा, माझ्या रिक्षात आजवर कुणी मेलं नाय. माझं नाव खराब करू नका." त्या हालतीतही बद्रीनाथ हसला होता.

सकाळी डॉक्टर म्हणाले, आता यांना जनरल वॉर्डात हलवू. चतुराबाई आडवी आली. आज अमावस्या होती. माहेरी, पाचोडला, तिच्या आजारी बापाला अमावस्येलाच बैलगाडीत घालून हलवलं होतं; तो वेशीपर्यंतसुद्धा पोचला नाही. तेव्हापासून अमावस्येला ती घरातला पाटासुद्धा जागचा हलू देत नसे. उद्या न्या, म्हणाली. डॉक्टरांनी समजावून पाहिलं आणि नाद सोडला. दुपारी नर्स पुन्हा विचारून गेली. खाट कुणासाठी हवी, हे तिनं सांगितलं नाही, चतुराबाईनं विचारलं नाही.

जिन्याच्या तळाशी गयासची बायको ताहेरा उभी होती. तिच्यामागं स्ट्रेचरवर गयास. ट्रकनं रिक्षा उडवली होती. डोक्याला पट्ट्या, नाकात नळी, श्वास अडखळत चाललेला. याला वर का नेत नाहीत, चतुराबाईनं विचारलं.

"जागा नाय म्हणतेत, आक्का. वर एक माणूस बरा झालाय, पण घरचे हलवू देईनात. त्यांची अमावस्या हाय म्हणं."

बद्रीनाथ वरच आहे, हे ताहेराला ठाऊक होतं. पण ते घरचे म्हणजे आपली आक्का, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं.

थर्मास पायरीवरच राहिला. चतुराबाई वर धावली. तिनं बद्रीनाथला दंडाला धरून उठवलं, बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि नर्सला म्हणाली, आणा त्याला, आत्ता आणा. लिफ्ट खाली गेली. परत वर आली, दार उघडलं, तेव्हा स्ट्रेचरबरोबरच्या डॉक्टरांना कसलीच घाई उरली नव्हती.

स्ट्रेचरमागून आलेली ताहेरा चतुराबाईच्या गळ्यात पडली. हुंदक्यांतून एवढंच कळत होतं, की आक्का, तू दादांची खाट काढून दिलीस, सख्खी बहीणही असं करणार नाही.

चतुराबाईनं तिचे हात आपल्या गळ्यातून सोडवले.

"ताहेरा, ती अमावस्या माझी व्हती."