नळावर धुतलेल्या बाटल्या

ती विहीर अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शेंद्र्याजवळच्या शेतात एका तरुण शेतकऱ्याचं प्रेत तिच्यात तरंगत होतं. त्याच्या आईनं ठाण्यात येऊन थेट सुनेचं नाव घेतलं. आदल्या संध्याकाळी सून विहिरीवर पाणी भरताना दिसली होती. आम्ही तिला अटक केली. तिचं एकच पालुपद, ‘साहेब, ते सांजच्याला घरीच आले नाय. मी कुणाला ढकलू?’

मग खबऱ्या आला. ‘मयताला त्या सांजच्याला तळ्यावर बघितलं म्या, चुलतभावासंगं. लई भांडत व्हते.’

चुलतभावाला बोलावलं. ‘तळ्याकडं मी फिरकलोच नाय,’ म्हणाला. पक्का बेरकी गडी.

शवविच्छेदनात मांडीचं हाड राखून ठेवलं होतं. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी समजावलं, पाण्यात डायटम नावाचं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, काचेसारख्या कवचाचं. माणूस जिवंतपणी बुडाला, तर ते रक्तातून हाडातल्या मगजापर्यंत जातं. आम्ही विहिरीचं आणि तळ्याचं पाणी पाठवलं. मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, ‘बाटल्या कशानं धुतल्या?’ आमचे हवालदार भलतेच टापटिपीचे. त्यांनी ठाण्याच्या नळावर लख्ख धुतल्या होत्या. मॅडम कडाडल्या, ‘अहो, नळाच्या पाण्यातही डायटम असतात! जिथलं पाणी, तिथल्याच पाण्यानं बाटली खळबळून घ्या.’ नमुने परत आले, पुन्हा घ्यावे लागले.

वरिष्ठांचा तगादा सुरू होता, पण मॅडम ढिम्म. मगज आम्लात तापवायचा, बाकी सगळं विरघळून कवचं उरली की शुद्ध पाण्यानं धुवायची, तळाशी बसू द्यायची, वरचं पाणी ओतून पुन्हा धुवायची. शेजारच्या नळीत नुसतं शुद्ध पाणी, त्यालाही तेच सोपस्कार. ‘यात एक जरी कवच दिसलं, तर माझंच भांडं घाण,’ त्या म्हणाल्या. काय चिकाटी ती! मला फार आदर वाटला.

ती नळी कोरीच निघाली. मगजातली कवचं मात्र तळ्यातल्या जातीची होती. विहिरीच्या पाण्यात ती जात औषधालाही नव्हती.

चुलतभावाला पुन्हा समोर बसवलं. ‘तळ्यावर गेला नव्हतास ना? मग त्याच्या हाडात तळ्याचं पाणी कसं गेलं?’ त्याचं अवसानच गळालं. बांधावरून भांडण झालं, तळ्यात दाबून धरलं, मग विहिरीत आणून टाकलं, सगळं ओकला.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी एकाही प्रयोगशाळेला ‘जरा लवकर करा’ म्हणालो नाही.

सुटल्यावर त्या सुनेनं मॅडमना भेटायचा हट्टच धरला. मी घेऊन गेलो. आम्लानं पिवळी पडलेली त्यांची बोटं हातात धरून ती ढसाढसा रडली. मॅडम अवघडल्या.

‘मी नुसती भांडी घासली हो, ताई.’