छतावर चढलीस का?

उल्हासकाका पेंडशांच्या कंपनीतून कुठल्याही कामाची बोली बाहेर पडण्याआधी एकच प्रश्न विचारला जाई. नफा किती धरलास, हा नव्हे. काका चष्मा कपाळावर सारत आणि विचारत, "छतावर चढलीस का?" शैलजानं हो म्हटलं, की ते पुढचं पानही न उलटता सही करत.

ॲन आर्बरच्या आसपासच्या शाळा-दवाखान्यांतले गॅसचे बॉयलर काढून तिथे इमारत गरम ठेवणारे विजेवरचे हीट पंप छतावर बसवायचे, हा काकांचा धंदा. त्याला किती खर्च येईल ते आधी सांगायचं, ही शैलजाची नोकरी. ऐकायला सोपी वाटते. पंपाची किंमत काय, कुणीही फोन करून विचारेल. खरी मेख बाकीच्यात असते. शाळेला येणारी वीज पुरेल का, क्रेन उभी कुठे राहणार, जुनं छत नवं वजन पेलेल का? हे खुर्चीत बसून कळत नाही, असं काकांचं ठाम मत. मिशिगनच्या थंडीत शिड्या चढून त्यांनी दोन्ही गुडघे घालवले होते, आणि वर त्याचा त्यांना अभिमान होता!

शैलजा नागपूरची. शिकली मेकॅनिकल, कमावलं आयटीत, जशी सगळी दुनिया करते. मग ले-ऑफ आला, व्हिसाची मुदत संपत आली, आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकांनी तिची सगळी हकिगत ऐकून घेतली. "सोमवारी ये ऑफिसला," एवढंच म्हणाले. ओळख ना पाळख. तेव्हापासून तिचं आणि तिच्या मुलाचं, ओजसचं, इथे राहणं त्या एका नोकरीवर टिकून होतं.

बाईला बर्फाची सवय झाली, पण उंचीची भीती काही गेली नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दर वेळी जीव मुठीत धरून ती शिडी चढायची आणि खाली आली की गाडीत बसून घाम पुसायची.

त्या हिवाळ्यात बोलीसाठी पाहायला गेली त्या एका शाळेची शिडी मात्र सरळ भिंतीला ठोकलेली, उभी. पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा. शैलजानं मान वर केली आणि तिचे पाय जागीच गोठले. शाळेचा केअरटेकर भला माणूस. म्हणाला, एवढ्यासाठी कशाला चढता, माझ्याकडे छताचे फोटो आहेत. तिला देव भेटल्यासारखं झालं. फोटोंत एसीचं जुनं धूड दणकट लोखंडी चौकटीवर बसलेलं दिसत होतं. म्हणजे पंप त्याच चौकटीवर बसतील, नव्या लोखंडाचा खर्च धरायला नको. तिनं धरला नाही.

"छतावर चढलीस का?" काकांनी विचारलं.

"हो काका."

खोटं बोलायचं असं काही तिनं ठरवलं नव्हतं. तोंडाला सवय होती, शब्द निघून गेला. काकांनी सही केली.

बोली उघडल्या त्या दुपारी शाळेच्या सभागृहात सगळे कंत्राटदार बसले होते. एकेक पाकीट फुटत होतं, आकडा वाचला जात होता. काकांच्या कंपनीचा आकडा वाचला गेला आणि खोलीत कुजबुज झाली. सगळ्यांत कमी, तोही बाकीच्यांहून खूपच! बाहेरचा माणूस पेढे आणायला धावला असता. पण या धंद्यात थोडक्यानं जिंकण्यात शहाणपण असतं. फार फरकानं जिंकलात, तर तुम्ही काहीतरी विसरलात, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या कंपनीच्या माणसानं शैलजाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, ते थेट सांत्वनाला आल्यासारखं.

तिनं बाहेर येऊन फोन लावला. "काका, आपण लो आहोत."

"कितीनं?"

तिनं सांगितलं. "बरं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडीत बसून तिनं ते फोटो पुन्हा उघडले. वायर धरली होती, क्रेन धरली होती. मग काय राहिलं? आणि मग तिला त्या धुडामागचं मेपलचं झाड दिसलं. हिरवंगार. समोरच्या काचेतून तेच झाड दिसत होतं, निष्पर्ण, फांद्यांवर बर्फ. फोटो उन्हाळ्यातले होते. आणि शाळेच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं होतं, की छत पानगळीत नवं घातलंय. तिनं ते वाचलंही होतं. नवं छत, बरं झालं, असं म्हणून ती पुढे गेली होती. नवं छत घालताना जुनं धूड काढलं असेल, तर चौकट ठेवली असेल का?

काम घेतलं तर कंपनी बुडणार, सोडलं तर काकांनी बोलीसोबत भरलेली हमीची रक्कम जाणार. आणि काहीही झालं तरी तिचा तो 'हो' उघडा पडणार. नोकरी गेली तर ओजसला काय सांगायचं? काचेवर बर्फ साचेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उतरली. चौकट असेलही कदाचित, निदान डोळ्यांनी बघावं, म्हणून इमारतीला वळसा घालून ती शिडीपाशी आली.

शिडीशेजारी भिंतीला काकांची काठी टेकवलेली होती.

तिनं वर पाहिलं आणि ती चढायला लागली. भीती वाटत होती, भयंकर वाटत होती, पण वर सत्तरी उलटलेला, गुडघे गेलेला माणूस बर्फात एकटा होता.

काका उपड्या बादलीवर बसले होते. शेजारी फावडं. चार ठिकाणी बर्फ बाजूला सारलेला, आणि खाली नुसतं कोरं, सपाट छत.

"चौकट नाहीये," काका म्हणाले.

"काका, मी चढलेच नव्हते."

"माहितीये. फावडं मागितलं तेव्हा केअरटेकर म्हणाला, मॅडमना फोटो दिले होते."

"मला उंचीची भीती वाटते. पहिल्यापासून."

"मग सांगायचं ना! मी आलो असतो." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "उद्या बिड विथड्रॉ करू. हमीचे पैसे जातील, जाऊ देत. चुकलेला आकडा मी निस्तरतो गं. पण यापुढे तू हो म्हणालीस की मी सही कशी करायची, ते सांग."

शैलजाच्या डोळ्यांतलं पाणी गालावर गार पडलं. "मला काढताय का, काका?"

"ते खाली गेल्यावर बघू. आधी मला उतरव. चढताना गुडघा पार गेलाय."

ती आधी शिडीवर उतरली. काका पाठमोरे, कठडा घट्ट धरून, एक पाय हवेत. त्यांना खालचं काहीच दिसत नव्हतं.

"पायरी आहे का?" त्यांनी विचारलं.

'हो' तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. दातांनी हातमोजा ओढून काढला आणि उघड्या हातानं पायरी चाचपली. "थांबा. बर्फ आहे." नखांनी खरवडून, तळहातानं पुसून तिनं पुन्हा हात फिरवला. बोटं बधिर झाली होती.

"आता?"

"हो काका."

काका क्षणभर तसेच थांबले. मग त्यांनी पाय ठेवला.