सुक्या पट्ट्या

पहिली पट्टी तुटली की भटू शिवी द्यायचा. दुसरी तुटली की हाताशी असेल ते फेकायचा. तिसरी तुटली की उठायचा, टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि दार लावून घ्यायचा. पुढचं त्याच्या बायकोच्या, धुरपदाच्या, अंगाला पाठ होतं.

पट्ट्या हळदूच्या लाकडाच्या असत, काडेपेटीच्या काडीएवढ्या रुंद आणि नखाएवढ्या पातळ. लाकडी साच्यावर त्या एकीला एक चिकटवत, वाकवत नेल्या की बोटभर लांबीची होडी तयार होई. शिडाच्या मोठ्या जहाजावर खलाशांना किनाऱ्याला न्यायला ज्या होड्या टांगलेल्या असतात, त्यांची ही इवलीशी नक्कल. आत बसायच्या फळ्या, काठाला वल्ह्यांच्या खाचा, सगळं जिथल्या तिथं. सुरतेत अशा होड्या करणारा डिंडोलीचा भटू एकटाच, असं लोक सांगत, आणि भटू ते खाली मान घालून ऐकत असे. खाली मान घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

शिंदखेड्याकडून तो सुरतेत आला तो मागांचे धोटे दुरुस्त करायला. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. पुढे बिनधोट्याची नवी यंत्रं आली आणि भटूच्या दारात जुन्या धोट्यांचा ढीग तेवढा उरला. त्या ढिगापाशी एक दिवस नानपुऱ्याचे पेस्तनजी येऊन उभे राहिले. उभा जन्म आगबोटीच्या इंजिनात घालवलेला हा पारशी म्हातारा निवृत्त झाल्यावर घरी बसून शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती करत होता. जहाज जमे, पण बोटं थरथरत म्हणून होड्या जमत नसत. भटूने धोट्याचं घट्ट लाकूड कोरून साचा केला, त्यावर पहिली होडी बांधली आणि पेस्तनजींनी ती तळहातावर घेऊन त्याला मिठीच मारली. त्याला आता बारा वर्षं झाली. गुजराती पेपरात भटूचा फोटो आला, तो फ्रेम करून भिंतीवर लागला.

त्याच फ्रेमखाली दुसऱ्या वर्षी धुरपदाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. भटूने फेकलेल्या धोट्याची लोखंडी टोपी नेमकी तिथं बसली. दवाखान्यात तिने जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. नंतर नखं, केस, पाठ, बरगड्या असं होत होत यंदाच्या चैत्रात समोरचा दात गेला. जिना तोच होता.

तिने सांगितलं नाही असं नाही. सासूला, इंदुबाईला, सांगितलं. इंदुबाईने लुगड्याचा काठ वर केला. पोटरीवर जुन्या भाजल्याचा वीतभर डाग होता, सासऱ्याने उलथन्याने दिलेला. "मना येळले बी हाईच व्हतं, पोरी," म्हातारी म्हणाली. "सोसनं पडस." दात गेल्यावर धुरपदाने भाऊ योगराजला बोलावून सांगितलं. तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिला. "ताई, त्यासना हात देख ना. इतली नाजूक होडी करनारा मानूस असा मारी का? तूच काही उलटं बोलनी व्हशी."

हीच तर आपल्या लोकांची खोड आहे. कुणाच्या हातात कला दिसली की त्याच्या स्वभावाचा दाखलाही त्याच हातावर लिहून मोकळे होतात. त्या हातात संध्याकाळी कुणाची वेणी असते, हे विचारायला कोणी थांबत नाही.

आणि ती कला तरी सगळी त्याची होती का? सहा वर्षांपूर्वी धुरपदा फुनके उकडायला बसली होती. तूरडाळीचे मुटके चाळणीत, खाली पातेल्यात उकळतं पाणी. ओट्यावरच्या दोन पट्ट्या चुकून चाळणीत पडल्या. काढल्या तेव्हा त्या ओल्या दोरीसारख्या वाकत होत्या. भटू पट्ट्या थंड पाण्यात बुडवायचा आणि घाईने वाकवायचा, म्हणून त्या तुटायच्या. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी झोपला की धुरपदा पट्ट्यांना वाफ द्यायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि त्याच्या पाण्याच्या ताटलीत परत ठेवायची. वाफेने तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली, सोलली, निबर झाली. पट्ट्या तुटायच्या थांबल्या. भटूला वाटलं, आपला हात बसला! मोठा कलावंत! पट्टीला डाळीचा वास येतो, एवढंच त्याला एकदा जाणवलं, आणि स्वयंपाकघरातले हात कामाला लावतेस म्हणून त्याने तिच्या थोबाडीत दिली होती. मार निम्म्यावर आला. उरलेल्या निम्म्याला भाजीतलं मीठही पुरायचं.

दात गेल्यानंतर मात्र धुरपदाने मनाशी ठरवलं, आता सांगायचं नाही. दाखवायचं.

यंदाच्या श्रावणात खानदेशची देवी कानबाई त्यांच्या घरी बसणार होती. रविवारी देवी बसायची, नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे रोट व्हायचे. त्याआधी शनिवारी सगळ्या भाऊबंदांनी जमून रोटाचे गहू मोजायचे. त्यांच्या घराण्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू निघत. पाळण्यातला पोरगा असला तरी त्याची मूठ निघे. बायांची निघत नसे. त्यांनी दळायचं, थापायचं, वाढायचं. मूठ घालायचा मान वयाने मोठी म्हणून इंदुबाईचा.

आणि भटूचा स्वभाव धुरपदाला ठाऊक होता. चार माणसं जमली की साचा घेऊन तो मध्ये बसणारच. शिवाय पेस्तनजींच्या जहाजाच्या पाच होड्यांपैकी चार गेल्या होत्या, पाचवी सोमवारी द्यायची होती. शनिवारी दुपारी तो झोपला तेव्हा धुरपदाने चूल पेटवली नाही. कोरड्या पट्ट्या नुसत्या वरवर ओल्या करून ताटलीत मांडल्या. अजूनही वाफ देता आली असती. वीस मिनिटांचं काम. ती ताटलीकडे बघत उभी राहिली आणि मग ताटली दारापुढच्या ओटल्यावर नेऊन ठेवली.

पंचवीसेक माणसं जमली. थोरला दीर दगा नावं पुकारायला बसला. इंदुबाई पाटावर, पुढे पितळी परात, शेजारी गव्हाचं पोतं. धुरपदा परातीला लागूनच बसली. तिने जागा ठरवूनच घेतली होती.

"देखा, आते कशी वाकस ती," भटू कौतुकाने म्हणाला आणि पट्टी साच्यावर टेकवली. कट्. तो हसला. "लाकूड खराब शे." दुसरी कट् झाली तेव्हा कोणीतरी पोरगं खिदळलं. भटूने ओठ आवळले, पण फेकलं काही नाही. समोर माणसं होती. हा आवरणार, आज हा आवरणार आणि उद्या दार लावून सगळं वसूल करणार. तिने परातीवरून मान वर केली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याच्या डोळ्यात डोळे घालून बघितलं.

तिसरी पट्टी त्याने वाकवली नाही, मोडलीच.

तो दोन ढांगांत आला. "मनाकडे काय देखस?" म्हणत त्याने वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला मागे ओढलं. तिचं डोकं फरशीवर आपटलं. दुसऱ्या हातात साचा तसाच होता, तो त्याने तिच्या कपाळावर हाणला. एकदा, दोनदा. मग लाथ. बायका किंचाळल्या. धुरपदा ओरडली नाही. तिला फक्त हवं होतं की सगळ्यांनी नीट बघावं. ती कोपरावर उठली तेव्हा कपाळातलं रक्त परातीत टपटप गळलं.

आणि बघितलं हो सगळ्यांनी! पंचवीस जणांनी बघितलं. कोणाची मांडी हलली नाही. दगाने घसा खाकरला. कोपऱ्यातला एक चुलत सासरा म्हणाला, "गहू बाटनात. वरना काढी टाका." गव्हाची काळजी होती त्याला! बाजूच्या जावेने रक्ताळलेले गहू ओंजळीने काढून टाकले. भटू धापा टाकत खाली मान घालून उभा राहिला, नेहमीसारखा. दगाने पुढचं नाव घेतलं.

"भटू."

इंदुबाईची मूठ पोत्यातून भरून वर आली आणि परातीवर थांबली. सगळे वाट बघू लागले. म्हातारीने लेकाकडे बघितलं, मग सुनेच्या कपाळाकडे. मूठ परातीवरून बाजूला गेली आणि धुरपदाच्या पदरात उघडली. वर पावमूठ तिने मोजून घातली.

"हाई हिनी," इंदुबाई म्हणाली. "फुडलं नाव ले, दगा."

घराण्यात असं कधी झालं नव्हतं. जित्या पुरुषाची मूठ गेली होती, आणि गेली ती बाईच्या पदरात. भटूला ते उमजायला एक क्षण लागला. मग तो आईवर धावला. साचा उचललेला हात म्हातारीच्या डोक्यावर आला, तेव्हा कुठे पुरुषांचे पाय सुटले. बायकोसाठी न उठलेले दहा-बारा जण आईसाठी उठले. त्यांनी त्याला ओटल्यावरून खाली खेचला, लाथा घातल्या, तोंड फोडलं, आणि साचा सोडेना म्हणून दगाने त्याचं मनगट धरून उलटं पिळलं. कट् आवाज आला. धुरपदाने तो आवाज लगेच ओळखला.

रविवारी कानबाई बसली. भटू हाताला प्लास्टर घालून दगाकडे होता. या घरात पाय ठेवायचा नाही, असं इंदुबाईने सांगितलं होतं. योगराज आला आणि बहिणीच्या कपाळावरचे टाके बघून हमसून रडला. तिने त्याला चहा दिला. रोटाचा पहिला घास इंदुबाईने तिला भरवला. मग दुपारी धुरपदाने चाळणीत पट्ट्या मांडल्या, वाफ दिली आणि साच्यावरचं आपलं रक्त पुसून पाचवी होडी बांधायला घेतली. बारा वर्षं शेजारून बघून प्रत्येक सांधा तिला पाठ होता.

सोमवारी देवी बोळवून ती नानपुऱ्याला गेली. पेस्तनजींनी होडी खिडकीच्या उजेडात धरली, भिंग लावून सांधा न् सांधा बघितला. "आ तो सौथी सरस," ते पुटपुटले. आधीच्या चारही हिच्यापुढे फिक्या होत्या. मग त्यांचं लक्ष टाक्यांकडे गेलं. "फिर से जिन्यावरून?"

"नाही, काका. नवऱ्याने मारलं. बारा वर्षं मारतो."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या होडीकडे. विश्वास बसेना. "पण... या हातांनी?"

धुरपदाने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. वाफेने सोलून निबर झालेली दहा बोटं त्यांच्या भिंगाखाली सरकवली.

"नाही. त्या हातांनी मारलं," ती म्हणाली. "होडी या हातांनी केली."